कार्यक्रमाला सगळ्यांना येता यावं म्हणून: मंडळाच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

व्याख्यानमाला असो, पुस्तक प्रकाशन असो की दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, तयारीच्या बैठकीत हार, माइक, चहा, पाहुण्यांची गाडी यांची यादी होते. दिव्यांग प्रेक्षकांचा विषय निघालाच तर कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडे तसं कुणी येत नाही." येत नाहीत, कारण आत शिरता येईल का, बसायला जागा मिळेल का, ऐकू येईल का, हे त्यांना घरबसल्या कळत नाही. अंदाजावर रिक्षाचे पैसे घालून यायचं आणि दारातल्या तीन पायऱ्या बघून परत फिरायचं, हे कुणी फार वेळा करत नाही. म्हणून कामाला सुरुवात रॅम्पपासून न करता पत्रिकेपासून करा.

तीन आठवडे आधी: पत्रिका

व्हॉट्सॲपवर फिरणारी पत्रिका म्हणजे बहुधा एक चित्र असतं. अंध व्यक्तीच्या फोनमधला स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) ते उघडतो आणि बहुतेक वेळा "चित्र" एवढंच सांगतो. म्हणून चित्राखाली सगळा मजकूर पुन्हा टाइप करून टाका: विषय, वक्ते, तारीख, वेळ, पत्ता, संपर्क. हा मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर आपण टाइप करतो त्या मराठीत हवा. छापखान्यातून आलेली पीडीएफ जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असेल, तर ती डोळ्यांना मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचत सुटतो. तपासायची युक्ती सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. अगम्य खिचडी उमटली तर ती फाइल निरुपयोगी समजा. मजकुराच्या आधी दहा फुलं आणि पंधरा हात जोडलेले टाकायची हौस आवरा. स्क्रीन रीडर ती चित्रं नावानिशी वाचून दाखवतो, त्यामुळे तारखेपर्यंत पोहोचायलाच वेळ जातो.

त्याखाली जागेचं वर्णन चार ओळींत द्या. नमुना असा:

"सभागृह तळमजल्यावर. प्रवेशाला एक पायरी (६ इंच), तिथे लाकडी उतार लावलेला असेल. दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी. स्वच्छतागृह भारतीय पद्धतीचं, दार ६० सेंमी. व्हीलचेअर आत जात नाही. भाषणाचा सांकेतिक भाषेत अनुवाद होणार आहे. आणखी काही सोय लागणार असेल तर १० तारखेपर्यंत कळवा (फोन किंवा व्हॉट्सॲप)."

स्वच्छतागृहाची ओळ लिहायला मंडळी बिचकतात. पण हे आधी न कळल्याने अनेक व्हीलचेअर वापरणारे, त्यातही बायका, बाहेर पडायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. खरी परिस्थिती कळली की माणूस आपलं आपण ठरवतो. शेजारच्या एखाद्या घरी किंवा हॉटेलात कमोडची सोय होत असेल तर तीही लिहा. "दिव्यांगांसाठी विशेष व्यवस्था" एवढंच छापून मोकळं होऊ नका. त्यातून कुणाला काही कळत नाही. संपर्काला नुसता फोन नंबर पुरत नाही, कर्णबधिर माणूस फोनवर बोलणार कसा? आणि सोय मागणाऱ्याला प्रमाणपत्र किंवा टक्केवारी विचारायची नाही. ते सरकारी योजनेला लागतं, व्याख्यान ऐकायला लागत नाही.

जागेची पाहणी: टेप घेऊन जा

हॉलचा व्यवस्थापक "सगळं आहे" म्हणेल. त्याच्यावर विसंबू नका, टेप लावा.

दार मोजताना चौकट मोजू नका. दार पूर्ण उघडून उरलेली मोकळी जागा मोजा. ९० सेंमी मिळाली तर उत्तम. साधी व्हीलचेअर ६५ ते ७० सेंमी रुंद असते आणि चाक फिरवणाऱ्या हातांना बाजूने जागा लागते, त्यामुळे ८० च्या खाली बोटं खरचटतात. जुन्या सभागृहांत दुपाखी दारं असतात आणि एक पाखं कायम बंद असतं. त्याची खालची-वरची कडी गंजलेली असते. ती कार्यक्रमाच्या दिवशी ठोकत बसण्यापेक्षा आदल्या दिवशी तेल घालून मोकळी करून घ्या.

आता रॅम्प. इथे सर्वांत जास्त घोटाळे होतात. प्रमाण १ ला १२: उंची एक इंच असेल तर उताराची लांबी बारा इंच. सहा इंचांच्या एका पायरीला ६ फूट, दोन पायऱ्यांना १२ फूट, तीन पायऱ्यांना १८ फूट. सोसायट्यांमध्ये स्कूटर चढवायला केलेला सिमेंटचा उंचवटा असतो, त्याला लोक रॅम्प म्हणतात. तो याच्या तिप्पट-चौपट तीव्र असतो. चढताना खुर्ची मागे उलटते आणि उतरताना माणूस पुढे फेकला जातो. कायमचा रॅम्प बांधायचा असेल तर रुंदी किमान १२० सेंमी, दोन्ही बाजूंना कठडे, आणि वर-खाली दीड मीटर बाय दीड मीटर सपाट जागा हवी. वरच्या टोकाला लगेच दार असेल आणि ते बाहेर उघडत असेल, तर उतारावर खुर्ची अडकवून दार ओढणं कुणालाच जमत नाही. ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल लावू नका. पहिल्या पावसात ती घसरगुंडी होते.

एका पायरीसाठी तात्पुरता उतार सुताराकडून दिवसाभरात होतो. १८ किंवा १९ मिमी जाडीचं ८ बाय ४ फुटी प्लायवूड घ्या. खाली दर फुटावर लाकडी पट्टी मारा, नाहीतर मध्ये फळी लवते. दोन्ही कडांना दोन इंच उंचीची पट्टी ठोका, म्हणजे चाक बाहेर जाणार नाही. वर घसरू नये म्हणून खरखरीत चिकटपट्टी लावा. वरचं टोक पायरीला घट्ट बसवा. नुसतं टेकवून ठेवलेलं टोक खुर्चीच्या धक्क्याने मागे सरकतं. आठ फुटांची फळी आठ इंचांपर्यंतच्या चढाला पुरते, त्याहून जास्त चढाला वापरू नका. आणि मांडववाल्याला बजावून ठेवा की उतारावर गालिचा अंथरायचा नाही. त्याच्या सुरकुतीत पुढची छोटी चाकं रुततात आणि कुबडीची टोकंही.

"चौघे जण उचलून नेऊ" हा पर्याय धरू नका. मोटरवाली खुर्ची बऱ्याचदा माणसाशिवायच पन्नास किलोंच्या वर भरते. हातून सुटली तर माणूस जायबंदी होतो. शिवाय चारचौघांत उचललं जाणं बहुतेकांना आवडत नाही.

मंचालाही पायऱ्या असतात हे वक्ता किंवा सत्कारमूर्ती व्हीलचेअरवर असला की आठवतं. मंचाला उतार जमत नसेल तर तो एक दिवस रिकामा ठेवा आणि सगळे पाहुणे खाली, प्रेक्षकांच्या पातळीवर बसवा. चार जण वर आणि एकजण खाली, हे दृश्य टाळा.

खुर्च्या मांडताना ओळींमधून दोन-तीन ठिकाणी ९० सेंमी रुंद, १२० सेंमी खोल जागा मोकळी सोडा. मधल्या ओळीत, कडेला. शेजारची खुर्ची घरच्यांसाठी. सगळ्या व्हीलचेअर एका कोपऱ्यात रांगेने उभ्या करायच्या नाहीत.

आवाज, दुभाषी, उजेड

"मला माइक लागत नाही, माझा आवाज मोठा आहे" असं म्हणणाऱ्या वक्त्याला अगत्याने माइक द्याच. श्रवणयंत्र पंख्याची घरघर, खुर्च्यांची करकर आणि घुमणारा आवाज, सगळंच वाढवतं. तोंडाजवळच्या माइकवरून स्पीकरमधून आलेला आवाजच त्यात स्पष्ट लागतो. प्रेक्षकांतून प्रश्न आला की तो माइकवर पुन्हा सांगा. ज्यांना ओठ वाचायचे असतात त्यांना वक्त्याचं तोंड दिसायला हवं. मागे खिडकी असेल तर चेहरा काळवंडतो, पडदा ओढा.

भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल तर जिल्ह्यातल्या कर्णबधिर शाळेत, कर्णबधिरांच्या संघटनेत किंवा मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत चौकशी करा. कार्यक्रम तासाभराहून मोठा असेल तर दोघे लागतात. साधारण वीस मिनिटांनी आळीपाळी होते, कारण त्यापुढे अनुवादात चुका व्हायला लागतात. भाषणाचा मसुदा, माणसांची व गावांची नावं, म्हटले जाणारे अभंग किंवा कविता त्यांना दोन-तीन दिवस आधी पाठवा. अभंग ऐनवेळी कानावर पडला तर दुभाषी हतबल होतो. त्याला वक्त्याच्या जवळ, उजेडात उभं करा. मागे फुलाफुलांचा फ्लेक्स नको. पडद्यावर चित्रं दाखवताना सगळे दिवे घालवायची सवय असते, दुभाष्यावरचा दिवा तेवढा राहू द्या. कर्णबधिर आई-वडिलांच्या शाळकरी मुलाला "तू सांग ना त्यांना" म्हणून जुंपू नका.

दुभाषी मिळालाच नाही तर बोलणं ऐकून मराठीत उमटवणारी फोनवरची लाइव्ह ट्रान्सक्राइबसारखी ॲप्स आहेत. माइकजवळ फोन ठेवला तर बरं चालतं, नावं मात्र हमखास चुकतात. दुभाष्याची जागा ते घेत नाही. बऱ्याच कर्णबधिर लोकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी दुसरी, म्हणून चिठ्ठी लिहून बोलताना वाक्यं आखूड ठेवा.

स्वागताला ढोल-ताशा किंवा फटाके असतील तर पत्रिकेत तसं लिहा. स्वमग्न मुलांना, फिट येणाऱ्यांना आणि श्रवणयंत्र घालणाऱ्यांना त्याचा फार त्रास होतो. एक शांत खोली मोकळी ठेवली तर ती तान्ह्या बाळांच्या आयांनाही उपयोगी पडते.

दारात

पहिली अडचण चपलांची. चपला काढूनच आत जायचं असेल तर दाराशी एक खुर्ची ठेवा. पायाला कॅलिपर (आधाराच्या पट्ट्या) असलेल्या, कृत्रिम पाय लावलेल्या आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाला पादत्राण काढायला सांगू नका. त्यांचं ते काढलं तर चालताच येत नाही किंवा जखम होते आणि कळत नाही. आत घाण येईल अशी शंका कुणी काढली तर चाकं आणि बूट पुसायला ओलं फडकं ठेवा, वाद मिटतो. अंध व्यक्तीच्या चपला ढिगात जाऊ देऊ नका; पिशवीत घालून तिच्या खुर्चीखाली ठेवा.

अंध व्यक्तीला आत नेण्याची पद्धत ठरलेली आहे. आधी बोला: "नमस्कार, मी मंडळाचा कार्यकर्ता. आत नेऊ का?" हो म्हणाल्या तर आपल्या हाताची मागची बाजू त्यांच्या हाताला हलकेच लावा. त्या तुमचं कोपर धरतील. तुम्ही त्यांचं नाही. दंड धरून ढकलत नेलं की माणसाला पुढचं काही कळत नाही. तुम्ही अर्धं पाऊल पुढे राहा. चिंचोळ्या जागेत तो हात पाठीमागे घ्या, त्या आपोआप तुमच्या मागे येतात. पायऱ्या आल्या की थांबा आणि सांगा: "चढत्या पायऱ्या, कठडा उजव्या हाताला." शेवटची पायरी झाली की तेही सांगा, नाहीतर हवेत पाऊल पडतं. खुर्चीशी पोहोचल्यावर खांदे दाबून बसवू नका. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, त्या बसतील. तुम्ही निघालात तर "मी येतो" म्हणा, नाहीतर त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतात. "इकडे या", "ते तिथे आहे" असले शब्द कामाचे नाहीत. "चार पावलं पुढे, मग डावीकडे" असं बोला. पांढऱ्या काठीला हात लावायचा नाही.

व्हीलचेअर ढकलण्याआधीही विचारा. थांबलात की ब्रेक लावा. तीव्र उतार असेल तर खुर्ची उलटी करून, तुम्ही खालच्या बाजूला राहून उतरवा. थोडी उचलायची वेळ आलीच तर कुठे धरू ते बसलेल्या माणसालाच विचारा. हाताचे आणि पायाचे टेकू बऱ्याच खुर्च्यांत निघून येतात, ते धरून उचललं की हातात टेकू राहतो आणि खुर्ची खाली. पिशवी अडकवणं, रेलून उभं राहणं हे त्या माणसाच्या अंगावर रेलण्यासारखंच आहे. पाच मिनिटांहून जास्त बोलायचं असेल तर खुर्ची ओढून बसा.

बोलणं

सर्वांत मोठी चूक शब्दांत नसते, क्रियापदात असते. चाळीस वर्षांच्या दिव्यांग माणसाला अनोळखी कार्यकर्ता सर्रास "काय रे, जेवलास का?" म्हणतो. बरोबरीच्या दुसऱ्या कुणाला तो असं म्हणणार नाही. तुम्ही, अहो, काका, ताई, सर, जे इतरांना तेच यांनाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसाशीही अहो-जाहोच. वाक्यं सोपी करा, सूर लाडिक करू नका. आणि सोबत्याला "यांना चहा चालतो का?" विचारू नका, त्यांनाच विचारा. दुभाषी मध्ये असला तरी नजर कर्णबधिर माणसाकडे.

शब्दांचं म्हणाल तर सूत्रसंचालकाला पुढचं आधी वाचून दाखवा. "मूकबधिर"ऐवजी "कर्णबधिर", ऐकू येत नाही म्हणजे आवाज नाही असं नव्हे. "मतिमंद"ऐवजी "बौद्धिक अक्षमता असलेले". "व्हीलचेअरला खिळलेले"ऐवजी "व्हीलचेअर वापरणारे". "नॉर्मल माणसं"ऐवजी "दिव्यांग नसलेले". "अमुक रोगाने ग्रस्त", "बिचारे", "दुर्दैवाने" काढून टाका. "अंध" चालतं, "आंधळा" नाही. दिव्यांग हा आज सरकारी कागदावरचा शब्द आहे आणि महाराष्ट्रात २०२२ पासून त्याच नावाचा स्वतंत्र विभागही आहे. पण चळवळीतल्या अनेकांना तो गोडवा लावलेला वाटतो आणि ते स्वतःला अपंग किंवा विकलांग म्हणवतात. समोरचा माणूस स्वतःसाठी जो शब्द वापरतो तो आपण वापरावा, लिखाणात "दिव्यांग व्यक्ती" लिहावं.

"बघा", "भेटू", "काल मॅच पाहिलीत का" हे अंध व्यक्तीशी बोलताना बिनधास्त बोला. ते स्वतः तसंच बोलतात आणि तुम्ही मध्येच चाचरलात तर अवघडलेपण वाढतं. म्हणींचं तारतम्य ठेवा. मुलांच्या आंधळ्या कोशिंबिरीचं नाव बदलायला कुणी सांगत नाही, पण मंचावरून "आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं" म्हणताना समोर कोण बसलंय याचं भान असू द्या. "हात नसूनही परीक्षेत पहिली आली, नाहीतर आजकालची धडधाकट मुलं बघा" हे सत्काराच्या भाषणातलं ठरलेलं वाक्य तर गाळाच. गुण तिचे, टोमणा भलत्याला. शाल घालण्याआधी अंध सत्कारमूर्तीला "शाल घालतोय" एवढं सांगा.

तोतरं किंवा अडखळत बोलणाऱ्याचं वाक्य आपण पुरं करू नये. कळलं नाही तर "पुन्हा सांगता का?" म्हणावं, न कळता मान डोलावली की पुढच्या वाक्याला पकडले जाता.

दिव्यांगत्व वरून दिसत नाही म्हणजे ते नाहीच, असंही समजू नका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल, हिमोफिलिया, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता हे त्यातलेच. राखीव खुर्चीवर बसलेल्या तरुणाला "तुला काय झालंय?" म्हणून उठवू नका. याच कायद्याच्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. पोलिसांच्या रजिस्टरपर्यंत जायची वेळ येऊ नये, पण माहीत असावं.

जेवण

जमिनीवरची पंगत असेल तर शेजारीच टेबल-खुर्च्यांची एक ओळ मांडा, वेगळ्या खोलीत नको. टेबलाखाली व्हीलचेअरचे गुडघे जायला साधारण ७० सेंमी मोकळी उंची लागते.

अंध व्यक्तीला ताट वाढताना इंग्रजी पुस्तकांतली घड्याळाची पद्धत बरेच जण शिकवतात: भाजी तीनला, आमटी दोनला. पण आपलं ताट मुळातच ठरलेलं असतं. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी. तसंच वाढा आणि "नेहमीसारखं वाढलंय, आमटी गरम आहे" एवढं सांगा. वाढप्याने हौसेने जागा बदलली की घोटाळा होतो. पाण्याचा पेला कुठे ठेवला ते सांगा आणि तो काठोकाठ भरू नका. दुसऱ्यांदा वाढताना न विचारता ताटात काही टाकू नका. बुफे असेल तर एका कार्यकर्त्याने पदार्थ वाचून दाखवावेत आणि हवं ते वाढून आणावं.

संपल्यावर

गर्दी एकदम दाराशी येते, तेव्हा कुबड्या वापरणाऱ्यांना धक्के बसतात. त्यांना आधी निघायचं की गर्दी ओसरल्यावर, हे विचारून ठेवा. रिक्षा दारापर्यंत येईल अशी बोला. कार्यक्रमाआधी तिथे लावलेल्या दुचाकी हलवण्याचं काम एकाकडे द्या. लाकडी उतार शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत काढायचा नाही. मांडववाले तो सर्वांत आधी उचलतात.

दुसऱ्या दिवशी सोय मागितलेल्या प्रत्येकाला निरोप पाठवून विचारा, काय अडलं. उत्तरं दाराच्या रुंदीसकट, दुभाष्याच्या नंबरासकट मंडळाच्या वहीत लिहा, आणि उताराची फळी कुणाच्या घरी ठेवली आहे तेही. पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदललेली असते.